आठवड्याची पुडी मी रोज घेतली

"मॅडम, हा मल्टिपल स्क्लेरोसिस आहे," डॉक्टर म्हणाले. त्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो असा : "पण सर, माझं फक्त व्हिटॅमिन डी कमी आहे ना?"

जानेवारीतली दुपार होती, नगरच्या एका हॉस्पिटलमध्ये पहिल्या मजल्यावरची खोली. संगणकावर माझ्या मेंदूचा एमआरआय उघडलेला होता. पेनाच्या टोकानं ते एकेक पांढरा ठिपका दाखवत गेले. हा इथे, हा इथे, आणि मानेच्या मणक्याच्या आत हा एक. शेजारी माझे यजमान अशोक मांडीवर फाईल धरून बसले होते. फाईलमध्ये सगळ्यात वर व्हिटॅमिन डीचा रिपोर्ट होता. मीच तो वर लावला होता.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आपल्या नसा म्हणजे विजेच्या वायरी समजा. वायरवर प्लास्टिक असतं तसं नसेवर एक आवरण असतं, त्याला मायलिन म्हणतात. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून त्या आवरणावरच हल्ला करते. आवरण जिथे खरवडलं जातं तिथून मेंदूचा निरोप नीट पुढे जात नाही. मग कुणाचा डोळा, कुणाचा हात, कुणाचे पाय.

"पूर्ण जात नाही हा आजार," ते म्हणाले, "पण आता औषधं चांगली आहेत. ताब्यात राहतो."

मला एवढंच आठवतं की मला खूप झोप आली होती. रडू नाही, भीती नाही. समोरच्या टेबलावर डोकं टेकवावं आणि झोपावं असं वाटत होतं. तो थकवासुद्धा आजाराचाच भाग असतो, हे मला पुढे कळलं.

मी सुवार्ता, शिक्षिका आहे. देवळाली प्रवरापासून थोड्या अंतरावर उसाच्या पट्ट्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. मी तिसरी-चौथीला शिकवते. अशोक साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आहेत. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. हे मी लिहितेय ते ज्यांच्या हातात असाच एखादा रिपोर्ट आला असेल त्यांच्यासाठी. माझ्यात शौर्य काही नव्हतं. चूक होती, ती सांगायची आहे.

आता मागे वळून पाहिलं की सुरुवात डोळ्यापासून झाली होती. निदानाच्या बऱ्याच आधी एकदा वह्या तपासताना डावा डोळा हलवला की दुखायचा. उजवा डोळा झाकला तर माझ्या पेनाची लाल शाई विटकरी दिसायची, धुऊन काढल्यासारखी. डोळ्यांत घालायला थेंब मिळाले. तीन आठवड्यांत रंग परत आला आणि मी विसरून गेले. त्याला ऑप्टिक न्यूरायटिस म्हणतात, म्हणजे डोळ्याच्या नसेची सूज, हे मला नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा दीड वर्ष उलटून गेलं होतं.

मग पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात तळपायांना मुंग्या. वाळूवर उभं राहिल्यासारखं वाटायचं. दिवसभर उभं राहून शिकवते, त्यामुळे असेल म्हटलं. नंतर आणखी एक गोष्ट सुरू झाली. रविवारी चर्चमधल्या उपासनेत प्रार्थनेसाठी मान खाली घातली की मानेपासून कंबरेपर्यंत करंट उतरायचा. मान वर केली की बंद. हे मी कुणालाच सांगितलं नाही. प्रार्थनेत अंगातून वीज जाते असं आमच्या मंडळीत सांगितलं असतं तर त्याचा अर्थ भलताच निघाला असता.

गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी सहा निघालं. तिसाच्या वर हवं. डॉक्टरांनाच हायसं वाटलं. "सापडलं! अहो, सहा म्हणजे काहीच नाही. मुंग्या, थकवा, सगळं यामुळंच."

मलाही हायसं वाटलं. शाळेत आम्ही पाच शिक्षिका, आणि पाचही जणींचं डी कमी होतं. म्हणजे आजार नव्हे, जवळजवळ फॅशनच. आठवड्याला डीच्या पावडरीची एक पुडी दुधातून, आठ आठवडे. घरी सांगितलं तर सासूबाई हसल्या.

"उन्हाची कमी? ह्या मुलखात?" त्या म्हणाल्या. "माझा जलम लोकाच्या उसात खुरपन्यात गेला. आन तुमी गाडीवर निघता तवा तोंडाला फडकं, हातात मोजे, वरून त्यो कोट. डोळं सोडून काय दिसतं का तुमचं? ऊन लागायचं कुठून?"

बरोबर होतं त्यांचं. स्कूटीवर जाताना स्कार्फ आणि सनकोट, मग दिवसभर वर्ग, मग घर. ऊन मला शिवतच नव्हतं.

आठ आठवड्यांनी पुन्हा तपासलं. डी चौतीस झालं होतं. मी मात्र होते तशीच होते. इथेच थांबून विचार करायला हवा होता. आकडा सुधारला आणि माणूस सुधारला नाही, तर कारण दुसरं असणार, एवढं गणित चौथीच्या पोरालाही जमेल. मी ते केलं नाही. मुरायला वेळ लागतो, असं स्वतःला सांगत राहिले.

डिसेंबरात एकदा शाळेच्या पटांगणातून वर्गात आले तर मागून चौथीतली एक मुलगी पळत आली. "मॅडम, तुमची चप्पल मागंच राहिली." उजव्या पायातली चप्पल पटांगणाच्या मध्यावर पडली होती आणि माझ्या पायाला त्याचा पत्ताच नव्हता. त्या आठवड्यातच पाय ओढत चालायला लागले. मग नगर, एमआरआय, आणि लंबर पंक्चर, म्हणजे कंबरेतून सुई घालून मणक्यातलं पाणी काढून तपासतात ते. ते ऐकायला वाटतं तितकं दुखत नाही. नंतर दोन दिवस डोकं मात्र उठतं.

पाच दिवस सलाईनमधून स्टेरॉईड दिलं. नसांची सूज उतरवायला ते देतात. तोंडाला लोखंडाची चव, झोप नाही, चेहरा फुगलेला. पण पाय बराचसा परत आला. पुढे रोज दोन कॅप्सूल सुरू झाल्या. प्रतिकारशक्तीला आवर घालणारं हे औषध, नवा हल्ला कमी व्हावा म्हणून. घेतल्यावर अर्ध्या तासानं चेहरा मिरचीसारखा लाल व्हायचा, अंग भाजायचं. त्याला फ्लशिंग म्हणतात. पोटातही ढवळायचं. हळूहळू सवय होईल, असं डॉक्टर म्हणाले.

घरी जाण्याच्या दिवशी मी पुन्हा तोच विषय काढला. व्हिटॅमिन डीचा आणि या आजाराचा काही संबंध नाही का?

"आहे," डॉक्टर म्हणाले. "एम.एस. असलेल्या बऱ्याच जणांचं डी कमी असतं. जिथे ऊन कमी तिथे हा आजार जास्त दिसतो. मेंदूच्या इतर काही आजारांतही हा धागा लोक तपासतायत. पण डी कमी आहे म्हणून आजार झाला, की आजारी माणूस घरात बसतो म्हणून डी कमी होतं, हे सगळं अजून सुटलेलं नाही. आणि जास्त डी देऊन हा आजार बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. तुमची पातळी ठीक आहे. ती ठीक ठेवायची. महिन्यातून एक पुडी आणि रोज एक कॅल्शियमची गोळी. बस्स."

इतकं स्पष्ट सांगितलं होतं. मी मान डोलावली. पण त्यातला "आहे" एवढा एकच शब्द मी घरी घेऊन आले.

शाळेत मी "अशक्तपणा" म्हणून रजा टाकली होती. आजाराचं नाव कुणालाही सांगितलं नाही. शाळेत नाही, मंडळीत नाही, माहेरी फक्त भावाला. मला भीती वाटत होती. मेंदूचा आजार म्हटलं की लोक तुमच्याकडे पाहायची पद्धत बदलतात. या बाई शिकवतील का, पोरं सांभाळतील का, असं कुणीतरी विचारणार. जूनमध्ये नवा वर्ग मिळायच्या आत मला पूर्ण बरं व्हायचं होतं. म्हणजे सांगायचीच वेळ येणार नाही.

मार्चमध्ये फोनवर एक व्हिडिओ आला. एक माणूस आधी चाकाच्या खुर्चीत दिसतो, मग धावताना. भरपूर डी घ्या, नसांचं आवरण पुन्हा तयार होतं, असं तो सांगत होता. डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत, असंही. मी तो सात-आठ वेळा पाहिला. खाली लोकांनी लिहिलं होतं, मीही घेतो, मलाही फरक पडला.

मला कळत नव्हतं असं नाही. मी शिकलेली बाई आहे. वर्गात मी मुलांना सांगते की ऐकलेली गोष्ट पडताळून पाहा. पण आठ आठवड्यांच्या पुड्यांनी माझा आकडा सहावरून चौतीसवर नेला होता. तेवढी एकच गोष्ट माझं ऐकत होती. कॅप्सूल घेऊन दिसण्यासारखं काही घडत नव्हतं.

मी आठवड्याची पुडी रोज घ्यायला लागले.

मिळायला काहीच अडचण आली नाही. चार पुड्या इथून, चार राहुरीतून, चार श्रीरामपूरच्या स्टँडजवळून. व्हिटॅमिनच तर आहे. रिकामी पाकिटं कचऱ्यात टाकली तर अशोकना दिसतील म्हणून मी ती माझ्या जुन्या पत्र्याच्या पेटीत, साड्यांखाली ठेवायचे. शिवाय ऊन होतंच. सकाळची शाळा सुरू झाली होती. साडेअकराला घरी आले की गच्चीवर जाऊन बसायचे. मार्च संपून एप्रिल लागला. आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवर कुणी पापडसुद्धा राखायला बसत नाही. मी बसायचे, बाह्या वर करून.

उतरताना पाय कापसाचे झालेले असायचे. एकदा जिन्यात बसूनच राहिले. डोळ्यासमोर धुरकट. मला वाटलं, आजार वाढतोय, पुडी कमी पडतेय. मग काही दिवस दोन घेतल्या.

मे लागला तशी तहान सुरू झाली. तांब्यावर तांब्या पाणी, आणि तितक्याच वेळा लघवीला. पोट साफ होईना. जेवणाचा वास नको वाटायचा. अशोक म्हणाले, "कॅप्सूलनं होत असेल, डॉक्टरांना फोन करू." मी म्हटलं, "हो, कॅप्सूलनंच होतंय. फोन कशाला, आपोआप कमी होईल." आणि त्यांना न सांगता कॅप्सूलच बंद केली. जे खरं औषध होतं ते मी बंद केलं. पुडी चालू ठेवली.

रोज सकाळी मी सासूबाईंना बायबलमधला एक अध्याय वाचून दाखवते. त्यांना वाचता येत नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी एकच ओळ वाचली. मग पुन्हा तीच. मग पुन्हा तीच. पुढची ओळ सापडेना. सासूबाई म्हणाल्या, "सुवार्ता, त्येच वाचतीयास तू." मला त्या काय म्हणतायत ते कळलं नाही. अशोक आले तर मी त्यांना माझ्या भावाच्या नावानं हाक मारली. मग उलट्या सुरू झाल्या.

यापुढचे दोन-तीन दिवस मला आठवत नाहीत. हे मी अशोक आणि सासूबाईंकडून ऐकलेलं सांगते आहे.

शेजारच्यांच्या गाडीतून मला नगरला नेलं. एम.एस.चा नवा हल्ला असणार, असंच सगळ्यांनी धरलं. मी डॉक्टरांना तारीख सांगू शकले नाही. शाळेचं नाव सांगितलं ते मी स्वतः शिकले त्या शाळेचं. सुदैवानं एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळं रक्त तपासायला पाठवलं. दुपारी रिपोर्ट आला. कॅल्शियम चौदाच्या वर. साडेदहापर्यंत ठीक मानतात. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा, तो एकच्या आसपास हवा, अडीचच्या पुढे गेला होता.

"हे एम.एस.चं वाटत नाही," मोठे डॉक्टर अशोकना म्हणाले. "कॅल्शियम इतकं वाढायला कारण लागतं. घरी काय काय औषधं चालू आहेत?"

अशोकनी प्रामाणिकपणे सांगितलं. दोन कॅप्सूल, एक कॅल्शियमची गोळी, महिन्याला एक डीची पुडी. त्यांना तेवढंच माहीत होतं.

मग डॉक्टरांना दुसरी कारणं शोधावी लागली. गळ्यातल्या ग्रंथीची तपासणी. छातीचा आणि पोटाचा स्कॅन. व्हिटॅमिन डीची पातळीही पाठवली होती, पण तो रिपोर्ट बाहेरून यायला दोन दिवस लागणार होते. अशोकनी विचारलं, स्कॅन कशासाठी? डॉक्टर म्हणाले, "कधी कधी शरीरात कुठेतरी गाठ असली तरी कॅल्शियम वाढतं. ते नाही ना, एवढं बघून घेतो."

अशोकनी ते कुणाला सांगितलं नाही. दोन दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर ते एकटेच त्या शब्दाशेजारी बसून राहिले.

तिकडे घरी सासूबाई माझे कपडे घ्यायला माझ्या पेटीशी गेल्या. साड्यांखाली त्यांना पाकिटं सापडली. त्यांना वाचता येत नाही, पण त्या पाकिटावरचं चित्र त्यांच्या ओळखीचं होतं. सगळी पाकिटं त्यांनी एका पिशवीत भरली आणि एकट्या एसटीनं नगरला आल्या. वॉर्डात शिरून सरळ डॉक्टरांसमोर पिशवी टेबलावर उलटी केली.

"सायेब, हे माज्या सुनंच्या पेटीत निघालं. म्या अडानी हाय. ह्याच्यानं काय झालं असंल तर बघा."

सिस्टरनं पाकिटं मोजली. ब्याऐंशी होती.

अशोक सांगतात, डॉक्टरांनी सासूबाईंना खुर्ची दिली आणि ते म्हणाले, "आजी, निदान तुम्हीच केलंत." दुसऱ्या दिवशी डीचा रिपोर्ट आला. मशीनला मोजता येतं त्याच्या पलीकडे, एवढंच त्यावर लिहिलं होतं.

मी भानावर आले तेव्हा हाताला सलाईन, लघवीची नळी, आणि पलंगाच्या पायथ्याशी डॉक्टर. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"मॅडम, व्हिटॅमिन डी पाण्यात विरघळून निघून जात नाही," ते म्हणाले. "शरीरातल्या चरबीत साठतं. ते आतड्यातून कॅल्शियम ओढून रक्तात आणतं. प्रमाणात असेल तर हाडांना फायदा. अति झालं की मेंदू गुंगतो, किडनी कोरडी पडते. याला व्हिटॅमिन डी टॉक्सिसिटी म्हणतात, म्हणजे त्याचंच विष होणं."

"मी उन्हातही बसत होते," मी म्हणाले.

"उन्हानं विष नाही झालं, ते पुड्यांनी झालं. पण उन्हानं पाय गेले असणार. एम.एस.मध्ये अंग तापलं की आवरण गेलेल्या नसा आणखी मंद चालतात. उथॉफ फिनॉमेनन म्हणतात त्याला. अंग गार झालं की परत ठीक. तो आजार वाढण्याचा प्रकार नव्हता. मला फोन केला असता तर एका मिनिटात सांगितलं असतं."

एक मिनिट. मी अडीच महिने घालवले होते.

अकरा दिवस वॉर्डात होते. रोज सकाळी रक्त, रोज संध्याकाळी आकडा. कॅल्शियम तेरा. बारा पूर्णांक सहा. पुन्हा बारा पूर्णांक आठ. हाडांतून कॅल्शियम सुटू नये म्हणून एक इंजेक्शन दिलं. किडनीचे डॉक्टर येऊन गेले. आकडा उतरला नाही तर डायलिसिस करावं लागेल, असं त्यांनी दारातच सांगितलं. वाट पाहण्यापलीकडे माझ्याकडे काही काम नव्हतं. छतावरच्या पंख्याकडे बघायचं, लघवी किती झाली ते सिस्टर लिहून घेणार, मग पुन्हा पंखा. आठव्या दिवशी क्रिएटिनिन दोनच्या खाली आलं आणि डायलिसिसचं बोलणं बंद झालं.

त्या दिवशी सासूबाई मला मोसंबी सोलून देत होत्या. खाली मान घालूनच त्या बोलल्या.

"म्या बघत हुते, सुवार्ता. आधी इतवारी-इतवारी पीत हुतीस. मग रोजच. पुसावं वाटलं मला. लई येळा तोंडाशी आलं. पर म्हनलं, ती शिकलेली, पोरांना शिकीवती. आपुन अडानी. आपुन काय पुसायचं? म्हनून गप ऱ्हायले."

मी म्हणाले, "आई, विचारायला हवं होतं तुम्ही."

"व्हय," त्या म्हणाल्या. "आन तू सांगाया पायजे हुतं."

त्यांनी मोसंबीची फोड माझ्या हातात ठेवली.

अशोक माझं सगळं करत होते. पाणी देत होते, औषधं आणत होते, केस विंचरत होते. बोलत नव्हते. घरी आल्यावर पाचव्या दिवशी बोलले. "दोन दिवस मी त्या बाकावर बसून तुझ्या कॅन्सरचा विचार करत होतो."

"अहो, मला तेव्हा शुद्ध नव्हती."

"त्याआधी अडीच महिने होती ना?"

मी एवढंच म्हणाले, "चुकलं माझं." ते उठून बाहेर गेले, थोड्या वेळानं परत आले आणि विचारलं, चहा घेशील का. आमच्याकडे माफी साधारण अशीच मिळते.

घरी येताना सूचना मिळाल्या होत्या. डी पूर्ण बंद. कॅल्शियम बंद. दूध कमी. आणि काही महिने उन्हात बसायचं नाही. दर आठवड्याला रक्त तपासायचं, कारण साठलेलं डी हळूहळूच उतरतं. कॅप्सूल पुन्हा सुरू झाल्या, पुन्हा लाल चेहरा, पुन्हा ढवळणं. जूनच्या अखेरीस एमआरआय झाला. त्यात एक नवा ठिपका होता. मी डॉक्टरांना विचारलं, मी कॅप्सूल बंद केली म्हणून का? ते म्हणाले, "असेल. नसेलही. मला खात्रीनं सांगता येणार नाही." मला आता अशा उत्तराचा राग येत नाही. माहीत नसेल तेव्हा जो माहीत नाही म्हणतो, त्या माणसाकडेच मी पुन्हा जाणार आहे.

तुमच्या रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी कमी आलं असेल तर घाबरू नका. निम्म्या गावाचं कमी असतं. सांगितलं असेल तेवढं घ्या, सांगितलं असेल तितकेच दिवस. आकडा भरला आणि तरी मुंग्या थांबल्या नाहीत, एका डोळ्याला रंग फिके दिसले, मान वाकवली की करंट आला, पायातून चप्पल निसटली तरी कळलं नाही, तर मात्र तिथे थांबू नका. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. आणि काहीही घेत असाल, काढा असो, पुडी असो, घरातल्या एका तरी माणसाला माहीत असू द्या.

आता रोज रात्री जेवणं झाली की सासूबाई विचारतात, "आज काय काय घेतलं?" मी नावं घेते. त्यांना नावं कळत नाहीत, पण किती ते कळतं. एक जास्त झालं तर त्या सोडणार नाहीत. पहिले काही दिवस मला याचा त्रास झाला. आता नाही होत.

शाळा उघडली तेव्हा मी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. त्यांनी एक-दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, पालक सभेत सांगा, मागून कळण्यापेक्षा बरं. मला ते अवघड गेलं. चाळीसेक पालक आले होते, बहुतेक बाया, शेतातून थेट. मी उभी राहिले आणि आजाराचं नाव सांगितलं. हा मेंदूचा आहे, पण मी शिकवू शकते. चालताना कधी पाय ओढतो. दुपारी खूप थकते. दहा-पंधरा मिनिटांच्या वर उभं राहता येत नाही. बोलता बोलताच पाय थरथरायला लागला होता, मी टेबल धरलं.

मागून एका माणसानं विचारलं, "लागट हाय का?"

"नाही," मी म्हणाले. "एकाचं दुसऱ्याला होत नाही."

मग पुढच्या रांगेतली एक बाई, जिची मुलगी यंदा माझ्याकडे तिसरीत आली आहे, वैतागल्यासारखी म्हणाली, "मग उभ्या कशापाई ऱ्हायलाय मॅडम? खुर्ची हाय की. बसून शिकवलं तर पोरांच्या डोक्यात जात न्हाई व्हय?"

दोघी-तिघी हसल्या. कुणीतरी खुर्ची पुढे सरकवली.

मी बसले, आणि बसूनच उरलेली सभा घेतली.